विरंगुळ्याचा हक्क

वसमत तालुक्यातील कुरुंद्यासारख्या मोठ्या गावातून रविवारी दुपारनंतर एखादे कुटुंब मोटारसायकलीवर बाहेर पडते. टोकाईच्या गडावर जावे, औंढ्याला नागनाथाचे दर्शन घ्यावे, जमल्यास सिद्धेश्वर धरणाचे पाणी पाहावे, परतताना हातगाडीवर भजी किंवा पाणीपुरी खावी, मोबाइलवर चार फोटो काढावेत आणि अंधार पडताना घरी यावे, एवढाच हा कार्यक्रम. यात नीतिशास्त्राने लक्ष घालावे असे काय आहे, असे कोणी विचारील. परंतु ‘घरात भाकरी असताना बाहेर खायचे कशाला?’ हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न मुळात नैतिकच आहे. तो झटकून टाकण्याऐवजी त्याचे उत्तर शोधणे बरे.

कोणत्याही आचरणाचा विचार करताना कृती, हेतू आणि परिस्थिती अशा तीन अंगांनी पाहावे, अशी नीतिशास्त्राची जुनी शिकवण आहे. त्यातील पहिल्या दोन अंगांविषयी फारसा वाद होऊ नये. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी खेळ आणि विनोद यांचा प्रश्न गंभीरपणे हाताळला. शरीर थकते तसे मनही थकते आणि विरंगुळा ही मनाची विश्रांती होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यासाठी ते संत योहानाची एक आख्यायिका सांगतात. शिष्यांसमवेत खेळताना योहानाला पाहून लोकांना आश्चर्य वाटले. तेव्हा त्याने धनुष्य घेतलेल्या एका माणसाला एकामागून एक बाण सोडायला लावले आणि असे अखंड करता येईल काय, असे विचारले. धनुष्य मोडेल, असे त्या माणसाने सांगितले. मनाचेही तसेच आहे, हे योहानाचे उत्तर. विरंगुळा अशोभनीय किंवा कोणाला अपायकारक नसावा, मनाचा तोल सुटू नये आणि व्यक्ती, काळ व स्थळ यांचे भान राहावे, एवढ्या मर्यादा अक्विनास घालतात. स्वतः कधी हसायचे नाही आणि इतरांच्या आनंदावरही विरजण घालायचे, या वृत्तीला तर ते दोषच मानतात.

तेव्हा खरा प्रश्न उरतो तो परिस्थितीचा. विरंगुळा चांगला असेल, तर तो कोणाच्या वाट्याला येतो? वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु हळद काढणे, शिजवणे, वाळवणे यांत ज्यांचा दिवस जातो, त्या मजूर स्त्रियांची सायंकाळ चुलीपाशीच संपते. गावातला तरुण पानटपरीवर दोन तास बसला तर त्याला कोणी हटकत नाही. बाईला मात्र घराबाहेर पडायला निमित्त लागते: बाजार, दवाखाना, देवदर्शन, हळदीकुंकू. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईतील स्त्रियांच्या संदर्भात हाच प्रश्न मांडला. निष्कारण फिरण्याची मुभा हीसुद्धा स्वातंत्र्याची एक कसोटी आहे. खेड्यात ती कसोटी अधिकच कडक ठरते. अशा वेळी आईला एक सायंकाळ चुलीपासून सुटका मिळत असेल, तर हातगाडीवरच्या त्या प्लेटला ‘चैन’ म्हणणे अन्यायाचे होईल.

बाहेर खाण्याला आपल्या देशात आणखी एक अर्थ आहे. कोणी कोणाच्या हातचे खावे, कोणाच्या शेजारी बसावे, यावर येथे शतकानुशतके जातीचा पहारा होता. म्हणूनच संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाला मज्जाव करता येणार नाही, अशी स्पष्ट तरतूद आहे. भज्यांच्या गाडीभोवती खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसे हे त्या तरतुदीचे साधेसुधे रूप होय. करिंथ येथील ख्रिस्तसभेत एकत्र जेवताना काही जण तृप्त होत आणि काही उपाशी राहत, याबद्दल संत पौलाने तिखट शब्दांत कानउघाडणी केली होती. पंगत कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

मात्र आपली विश्रांती ही दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमाची वेळ असते. वडापावची सुरुवात १९६६ साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी केली, असे सांगितले जाते. सवडीने जेवायला वेळ नसलेल्या कामगारांचा तो आधार झाला. घाईचे ते अन्न आज आपल्या सवडीची मौज झाले आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा २०१४ साली झाला, परंतु त्यांचा मान कोणताही कायदा राखू शकत नाही. तो ग्राहकाच्या बोलण्यातून राखला जातो. पाच रुपयांसाठी घासाघीस करणारा, उष्टी प्लेट रस्त्यावर भिरकावणारा, ‘ए’ म्हणून हाक मारणारा माणूस अक्विनासची मर्यादा ओलांडत असतो.

फोटोचेही असेच. १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा निघाला आणि छायाचित्र सामान्यांच्या हाती आले. ही वाईट गोष्ट नव्हे. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचे पाणी घरांत शिरले होते. भांडीकुंडी पुन्हा घेता येतात, भिजून गेलेला आजोबांचा एकुलता एक फोटो पुन्हा मिळत नाही. आठवण जपणे हे प्रेमाचेच काम आहे. परंतु आठवणीसाठी काढलेला फोटो आणि मिरवण्यासाठी काढलेला फोटो यांत फरक आहे. पहिला, सोबत असलेल्या माणसाकडे पाहतो. दुसरा, सोबत नसलेल्या माणसांच्या डोळ्यांकडे. भजी निवेपर्यंत त्यांचे फोटो काढणाऱ्याने भजीही गमावली आणि सोबतही. शिवाय कढईपुढे घामाघूम झालेला विक्रेता न विचारताच आपल्या फोटोची पार्श्वभूमी बनतो. त्याला एका शब्दाने विचारावे, एवढी त्याची किंमत नक्कीच आहे.

याच जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांना घास गेल्याचे दुःख नव्हते, खाणाऱ्याला तो कोरडा खावा लागेल याची काळजी होती. वाचकहो, रविवारच्या सहलीला जरूर जावे. जाताना घरी राबणाऱ्या बाईला आधी विचारावे, कुठे जायचे ते तिने ठरवावे. आणि गाडीच्या कडेला उभे राहून आपल्या प्लेटकडे पाहणारे एखादे पोर दिसले, तर फोटो राहिला तरी चालेल, आणखी एक प्लेट सांगावी.