तीन वाजताचं पाणी

पंचगंगेच्या खोऱ्यात एका लहानशा धरणाखाली एक पूल आहे. नाव सांगत नाही, कथेला त्याची गरजही नाही. पुलाला खाली तोंड करून रडार सेन्सर टांगलेला. दर सेकंदाला तो एक ओळ पाठवायचा: आधी डॉलरचं चिन्ह, मग पाण्याची पातळी फुटांत, मग चांदणी आणि चेकसमचे दोन अंक. आरएस-२३२ ची तार ती. पन्नास फुटांपुढे तिचा भरवसा नाही. आणि आकडा तर हवा होता खालच्या अंगाच्या बारा ठिकाणी, बंधाऱ्यांवर, चावड्यांवर, एसटी स्टँडवर.

नव्यानं रुजू झालेल्या कनिष्ठ अभियंता मॅडमकडे हे काम आलं. त्यांनी तारेच्या टोकाला कन्व्हर्टरची डबी बसवली, ओळ नियंत्रण कक्षातल्या संगणकात घेतली आणि मोबाइल नेटवर्कवरून बारा फलकांना धाडायला सुरुवात केली. शिस्त कडक. पहिल्या फलकाला ओळ द्यायची, त्याची पोच घ्यायची, मग दुसऱ्याला. बाराव्याची पोच आली की पुढची ओळ. एकही ओळ गहाळ होणार नाही, असं त्यांनी साहेबांना लिहून दिलं होतं. दिवसभरापुरतं ते खरंही होतं.

चाचणी झाली तीन फलकांवर, तीही मे महिन्यात, पाणी तळाला गेलेलं असताना. एका पोचेला सेकंदाचा दहावा भाग लागे. तिघांत ते कुणाच्या लक्षात येणार? बारा फलकांच्या फेरीला मात्र १.२ सेकंद लागू लागले आणि ओळी येत होत्या दर सेकंदाला. तासाला ३६०० यायच्या, ३००० जायच्या. तासामागे दहा मिनिटांची थकबाकी. त्यात घाटातल्या वाडीची रेंज गेली, की बाकीचे अकरा तिच्या पोचेसाठी ताटकळत. रात्री बाराला संगणक आपोआप बंद होऊन सुरू होई आणि रांग पुसली जाई. त्यामुळे सकाळी फरक फारसा दिसत नसे. साहेबांची फेरी सकाळीच असायची.

जुलैतल्या एका संध्याकाळी सहा वाजता वायरलेस ऑपरेटर अण्णा पुलावरून घरी निघाले होते. पुलाच्या तोंडाशीच पहिला फलक होता. त्यावर ३१.४. अण्णांनी सवयीनं कठड्यावरून वाकून खांबावरची रंगवलेली पट्टी पाहिली. पाणी ३४ च्या वर. राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा आणि ४३ वर धोका असतो, मधे चारच फूट. इथं तीन फूट फलकातून गायब होते. ते माघारी फिरले.

मॅडमनी ओळी तपासल्या. चेकसम जुळत होता, एकही ओळ गळालेली नव्हती.

“अण्णा, आकडा बरोबर आहे हो.”

“बरोबरच आहे, मॅडम. पण तीन वाजताचा आहे.”

रात्रभर फलक बंद ठेवून अण्णांनी सेटवरूनच पातळी दिली. मॅडम शेजारी बसून होत्या. अण्णा आधी वेळ सांगत, मग पातळी. एखाद्या ठाण्यावरून उत्तर आलं नाही तरी थांबत नसत. सगळ्यांना सांगून झालं की त्या ठाण्याला वेगळं बोलावत, आणि तेव्हा मघाचा आकडा न सांगता पट्टी पुन्हा विचारून ताजा सांगत.

आठवडाभरात मॅडमनी सगळं नव्यानं लिहिलं. प्रत्येक ओळीला वेळेचा शिक्का. प्रत्येक फलकाची वाट वेगळी, कुणी कुणासाठी खोळंबायचं नाही. पोच न मागणारी यूडीपीची पद्धत १९८० पासून आहेच, ती घेतली. वाटेत एखादी ओळ हरवली तर हरवू दे, सेकंदात दुसरी येते. सगळ्या ओळींची नोंद कक्षातल्या संगणकावर राहीलच. आणि दोन मिनिटांत नवी ओळ आली नाही, तर फलकानं आकडा पुसून रेघा दाखवायच्या.

तक्रारी सुरू झाल्या त्या इथून पुढे. आकडे शिळे होते तेव्हा एकाही गावानं हूं की चूं केलं नव्हतं. आता मात्र फलक नादुरुस्त, पैसे पाण्यात, अशी ओरड. साहेब वैतागले. “निदान शेवटचा आकडा तरी राहू दे. रेघा दिसल्या की बंद पडल्यासारखं वाटतं.”

“साहेब, त्या वेळी तो बंदच असतो.”

साहेबांना ते आवडलं नाही. मॅडमनी रेघा ठेवल्या आणि प्रत्येक फलकाखाली पेंटरकडून कक्षाचा फोन नंबर लिहून घेतला. त्या खर्चाचं बिल बरेच दिवस अडकून होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, रात्री, घाटातल्या वाडीच्या पोलीस पाटलांचा फोन आला. “बोर्डावर रेघा आल्यात. पाणी किती हाय?”

अण्णांनी घड्याळ पाहिलं, मग पडदा. “पावणेदहा वाजता अडतीस फूट नऊ इंच. चढतंय.”

“मग जनावरं आत्ताच वरच्या अंगाला नेतो. अकराला परत फोन करतो.”

“करा. नाही आला, तर मी माणूस पाठवतो.”