अंत नसलेले पाणी



आपल्या समाजाची गोष्ट एका फुटलेल्या गलबतापासून सुरू होते. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया काठाला लागल्या, बाकीच्यांची प्रेते लाटांनी आणून टाकली आणि ती तेथेच पुरली, पुरुषांची एका जागी व स्त्रियांची दुसऱ्या जागी. ही परंपरा आपल्यापैकी बहुतेकांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे. कै. हाईम समुएल केहिमकर यांचा बेने इस्राएलांचा इतिहास १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला, त्यातही ती आहे.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना आम्ही सात जोडपी मोजत असू. बुडालेले किती, हे आम्ही कधी विचारले नाही. आणि ते गलबत ज्या बंदरातून निघाले तेथे मागे राहिलेल्या माणसांचा विचार तर आमच्या मनाला शिवलाही नाही. आता वय झाल्यावर तोच विचार पुन्हा पुन्हा येतो. त्या घरांतून कोणीतरी वाट पाहिली असेल. किती दिवस पाहिली असेल? आणि वाट पाहणे केव्हा थांबवावे, हे त्यांना कोणी सांगितले असेल?

शिडाच्या जहाजांच्या काळात हा प्रश्न दर्याकाठच्या प्रत्येक गावाचा होता. शीड क्षितिजाखाली गेले की बातमी संपली. तार नव्हती, बिनतारी यंत्र नव्हते. जहाज वादळात सापडले, खडकावर आपटले, की वारा पडल्याने कुठे अडकून राहिले, हे काठावरच्या माणसाला कळण्याचा मार्ग एकच, कोणीतरी परत येऊन सांगणे. सगळेच बुडाले तर सांगणार कोण?

व्यापाऱ्यांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला. लंडनच्या लॉइड्समध्ये, जेथे जहाजांचे विमे उतरवत, तेथे एक घंटा टांगली आहे. ती १७९९ साली हॉलंडच्या किनाऱ्यापाशी बुडालेल्या ‘ल्युटीन’ या जहाजाची. १८५८ साली ती समुद्रातून वर काढली. जहाज बुडाल्याची बातमी आली तर एक टोला, उशीर झालेले जहाज सुखरूप पोचले तर दोन टोले, असा तेथला रिवाज होता. फार उशीर झाला की जहाज बेपत्ता ठरवून पैसे चुकते करीत. मालाचा हिशेब असा तारीख ठरवून मिटवता येतो. माणसाचा मिटवता येतो काय?

आपल्या हाखामांनी या प्रश्नाला हात घातला तो बाईच्या बाजूने. नवरा समुद्रात पडला, प्रेत मिळाले नाही, तर बायको विधवा की सधवा? येवामोथ या ग्रंथात त्यांनी पाण्याचे दोन प्रकार केले. एक अंत असलेले पाणी, म्हणजे तळे किंवा विहीर, जिचे चारही काठ उभ्या जागेवरून दिसतात. तेथे माणूस बुडाला व जीव जाण्याइतका वेळ लोटूनही वर आला नाही, तर तो मेला असे धरता येते. दुसरे अंत नसलेले पाणी, म्हणजे समुद्र. तेथे तो नजरेआडच्या काठाला लागला असेल, म्हणून त्याच्या बायकोला पुन्हा लग्नाची मोकळीक नाही. ती अगुना, म्हणजे अडकून पडलेली.

हे ऐकून कोणालाही वाटेल, केवढा हा कठोर कायदा! पण त्याच ठिकाणी एक कथा आहे. रब्बान गमलिएल जहाजातून जात असता त्यांनी दुसरे एक जहाज फुटताना पाहिले. त्यात रब्बी अकिवा होते. गमलिएलांना अतोनात दुःख झाले. पुढे ते किनाऱ्यावर उतरले, तर अकिवा येऊन त्यांच्यासमोर शास्त्रचर्चेला बसले! कसे वाचलात असे विचारता अकिवांनी सांगितले की जहाजाची एक फळी हाती लागली, आणि जी जी लाट आली तिच्यापुढे मान वाकवली. तेव्हा गमलिएलांनी हाखामांच्या शहाणपणाची वाखाणणी केली. देव तारी त्याला कोण मारी, हे आपण सहज म्हणतो. पण या कथेचा अर्थ अधिक नेमका आहे. आपल्या डोळ्यांनी जहाज फुटताना पाहिले तरी आपण माणसाचे मरण पाहिलेले नसते. जिवंत माणसाला अंदाजाने मारू नये.

मग त्या बाईचे काय? येथेच आम्हाला हाखामांचे मोठेपण दिसते. अंदाजाला त्यांनी दार बंद केले, पण साक्षीला ते सताड उघडले. इतर बाबतींत दोन साक्षीदार लागतात, येथे एक पुरे. इतरत्र बाईची किंवा गुलामाची साक्ष चालत नसे, येथे चालते. ऐकीव बातमी चालते. परधर्मी माणूस सहज बोलता बोलता अमका बुडाला, त्याला आम्ही पुरला, असे म्हणाला, तर तेही चालते. रामबाम यांनी आपल्या संहितेत याचे कारण दिले आहे. जी गोष्ट आज ना उद्या उघड होणारच, तिच्याबद्दल माणूस सहसा खोटे बोलत नाही. आणि इस्राएलाच्या लेकी अडकून राहू नयेत. शिवाय समुद्रात हरवलेल्याच्या बायकोने निकालाची वाट न पाहता लग्न केलेच, तर ते मोडू नये, असेही तलमूदात ठरले.

रामबाम हे केवळ पुस्तकातून लिहीत नव्हते. त्यांचा धाकटा भाऊ दावीद जवाहिराचा व्यापारी होता. तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून त्याने भावाला लिहिलेले पत्र कैरोच्या जुन्या कागदपत्रांत सापडले आहे. बंदरात घेण्याजोगा माल मिळाला नाही, म्हणून हिंदुस्थानला जाण्याचे ठरवले, असे त्याने कळवले, आणि आपल्या बायकोला धीर देण्यास सांगितले. तो हिंदी महासागरात बुडाला. मागे बायको व लहान मुलगी राहिली. रामबाम सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळले होते, आणि आठ वर्षांनंतरही दुःख ओसरले नाही, असे त्यांनी स्वतः एका पत्रात लिहिले आहे. हिंदुस्थानच्या दिशेने निघालेले जहाज त्या थोर पुरुषाचे घर असे पोळून गेले होते.

आता दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण घेऊ. १८४५ साली सर जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ व ‘टेरर’ ही दोन शिडाची जहाजे घेऊन इंग्लंडहून उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात गेले. मदतीला जहाजांत वाफेची लहान इंजिने बसवली होती. त्या समुद्रात गेलेले १२९ लोक परत आले नाहीत. शोधासाठी जहाजांमागून जहाजे गेली. शेवटी आरमारखात्याने ३१ मार्च १८५४ ही तारीख धरून सर्वांची नावे आपल्या यादीतून काढली. पगार तेथपर्यंत. फ्रँकलिनसाहेबांच्या पत्नी जेन यांनी हे मानले नाही.

त्याच वर्षी डॉ. जॉन रे हे किनाऱ्याची मोजणी करीत असता त्यांना इनुइट लोकांकडून बातमी मिळाली. गोऱ्या माणसांची एक टोळी होडी ओढत दक्षिणेकडे जाताना दिसली होती, पुढे त्यांची प्रेते आढळली, आणि उपासमारीने शेवटी त्यांनी मेलेल्या सोबत्यांचे मांस खाल्ले होते. रे यांनी त्या लोकांकडून जहाजावरचे चांदीचे चमचे व काटे आणि फ्रँकलिन यांचे मानचिन्हही विकत घेतले. ही बातमी ऐकून लंडन खवळले. चार्ल्स डिकन्ससारख्या लेखकानेही आपल्या साप्ताहिकात त्या लोकांना अविश्वासू ठरवले. रानटी लोकांचे बोलणे कोण खरे मानतो?

जेनबाईंनी ‘फॉक्स’ नावाचे जहाज घेऊन १८५७ साली पाठवले. १८५९ साली त्या तुकडीला दगडांच्या ढिगात एक कागद मिळाला. फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजीच वारले होते. म्हणजे शोधाचे पहिले जहाज निघण्यापूर्वीच ज्याला शोधायचे तो गेला होता. पुढे २०१४ साली ‘एरेबस’ सापडले, ते इनुइट लोकांच्या जुन्या सांगण्यात जहाज बुडाल्याचा जो भाग येतो त्या भागात. २०१६ साली ‘टेरर’ही सापडले, एका इनुइट माणसाने दिलेल्या माहितीवरून. त्यांच्या हाडांवर विसाव्या शतकात झालेल्या तपासणीत सुरीच्या खुणाही आढळल्या. साक्ष खरी होती. फक्त ऐकणाऱ्यांना साक्षीदार पसंत नव्हता.

येथे दोन चुका झाल्या असे आम्हाला वाटते. आरमारखात्याने साक्षीची वाट न पाहता तारखेने माणसे मारली. आणि लोकांनी साक्ष आली तेव्हा ती नको असलेल्या तोंडातून आली म्हणून झिडकारली. हाखामांनी नेमके याच्या उलट केले होते. अंदाज नको, पण साक्ष कोणाचीही असो.

जेनबाईंची आशा चूक होती काय? तसे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्यांच्या हट्टानेच तो कागद सापडला. पण त्यांच्याजवळ जहाज धाडण्याइतके वजन व पैसा होता. त्याच जहाजावरच्या खलाशाच्या बायकोचा पगार ३१ मार्चला थांबला. तिला पोरांना जेवू घालायचे होते. आशा ही निष्ठा आहे खरी, पण ती प्रत्येकाला सारखी परवडत नाही. आणि जी आशा दुसऱ्याच्या खर्चाने धरायला आपण सांगतो, ती निष्ठा नव्हे.

हे आपल्याही अंगाशी येते. कोकणात शेजारपाजारच्या चालीमुळे आपल्या समाजात विधवेचे पुनर्लग्न फारसे मानले जात नसे. शास्त्राने इतक्या खटपटीने उघडलेले दार आपण चालीरीतीच्या नावाने ओढून घेतले होते. गळ्यातली पोत कधी उतरवावी, हे त्या बाईपेक्षा वाड्यातल्या इतर माणसांनीच अधिक ठरवले.

या देशातही अंत नसलेले पाणी आपण पाहिले आहे. जानेवारी १९६८ मध्ये ‘दाकर’ ही पाणबुडी पोर्ट्समथहून हैफाला येताना ६९ जणांसह नाहीशी झाली. ती शिडाची नव्हती, तिच्यावर बिनतारी यंत्र होते, तरी २५ जानेवारीनंतर तिचा आवाज आला नाही. वर्षभराने तिचा एक तरंगता बोया गाझाच्या किनाऱ्याला लागला. पाणबुडी मात्र मे १९९९ मध्ये समुद्राच्या तळाशी सापडली. एकतीस वर्षे! यंत्रे सुधारली, पण दारावरची टकटक ऐकायला थांबलेल्या आईचा प्रश्न तोच राहिला.

आमच्याकडे यावर तयार उत्तर नाही. पण इतके कळले आहे. हरवलेल्याच्या माणसांना आशा सोडा असे सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही, आणि आशा धरा असे सांगण्याचाही नाही. आपल्याला काही ठाऊक असेल तर ते लवकर, सरळ व पूर्ण सांगावे. सांगणारा कोण, हे न पाहता ऐकावे. आणि वाट पाहून थकलेल्या एखादीने पुन्हा घर मांडले, तर तिला बोल लावू नये. आपल्या हाखामांनीही लावला नाही.

आणि नवगाव? परंपरा सांगते ती खरी धरली, तर ज्या बंदरातून ते गलबत निघाले तेथे ती सात जोडपीही बुडालेल्यांतच गणली गेली असतील. ती जिवंत होती, कोकणात शेती करीत होती, तेल गाळीत होती, शनिवारी घाणा बंद ठेवीत होती. त्या काठाला हे कोणी कळवले नाही. म्हणून जिवंताला अंदाजाने मारू नये, या नियमाचा जिवंत पुरावा म्हणजे आपणच. आणि ज्यांना कधीच कळले नाही त्यांचे देणेही आपल्यावरच आहे. पुढच्या खेपेस नवगावला गेलात तर बुडालेल्यांसाठी प्रार्थना कराच. पण पलीकडच्या काठावर वाट पाहत राहिलेल्यांसाठीही एक क्षण उभे राहा, एवढीच आमची विनंती.