थकल्या पावलांचे बळ

माउली, वारीत पाय थकतात हे तुम्हांला मी काय सांगावे? तळव्याला फोड येतात, रात्री राहुटीत एकमेकांचे पाय चेपले जातात, आणि पहाटे पुन्हा टाळ वाजतो. पण आपल्या थकव्यापुढे पंढरी आहे. ज्याच्या वाटेच्या शेवटी विटेवर कोणी उभा नाही, त्याचे पाऊल कशाच्या बळावर उचलते?

‘द स्टोरी ऑफ जी. आय. ज्यो’ हा विल्यम वेलमन यांचा १९४५चा अमेरिकन चित्रपट याच प्रश्नाशी आणून सोडतो. दुसऱ्या महायुद्धातली पायदळाची तुकडी इटलीत डोंगरावरच्या मठाखाली चिखलात अडकून पडली आहे. लढाई थोडी दिसते. पाऊस, जागरण आणि वाट पाहणे फार. अर्नी पाइल या वार्ताहराच्या लिखाणावर तो बेतला आहे. चित्रपट लोकांपुढे येण्याआधीच, १८ एप्रिल १९४५ रोजी, पाइल आघाडीवर मारला गेला.

त्यातल्या एका सार्जंटला घरून तबकडी आलेली असते. तिच्यात लहानग्या लेकाचा आवाज आहे. ती वाजवायला यंत्र नीट चालेना म्हणून तो किती खटपट करतो! अखेर आवाज कानी पडतो, आणि तोफांनी न ढळलेला तो माणूस ढासळतो. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातला भुंगा तुम्हांला इथे आठवेल. कठीण लाकूड पोखरणारा कोवळ्या कळीत अडकतो, तसेच हे.

माउलींनी अर्जुनाच्या त्या कळवळ्याला मोह म्हटले. मग या सार्जंटचाही मोहच का? आणि त्यांच्या कॅप्टनचे काय? नवी पोरे येतात, मरतात, त्यांच्या आयांना पत्रे हाच लिहितो. शेवटी खेचराच्या पाठीवरून त्याचाच देह खाली येतो. शिपाई एकेक करून जवळ येतात. एक जण त्याचा हात हातात घेऊन बसतो, मग उठून रोमच्या वाटेला लागतो. त्याला चालवणारे बळ मला या हात धरण्यात दिसते. जिंकण्याची हाव त्यात नाही.

तरी एक उणीव सांगतोच. पलीकडच्या जर्मन शिपायाचा चेहरा हा चित्रपट जवळजवळ दाखवतच नाही. तोही त्याच पावसात भिजत होता, त्यालाही आई होती. आपल्या माणसापुरता कळवळा अर्जुनाकडेही होता. संतांची भूतदया कुंपणापाशी थांबत नाही.

त्याच इटलीत आपली मराठी माणसेही लढली. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी गोळीबारात, खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून, दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक उचलून सुरक्षित जागी नेले. मग एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या चौक्या मोडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तारणारे आणि मारणारे हात एकाच माणसाचे, एकाच दिवसाचे. त्यांना वेगळे कसे करावे हे मला उमगत नाही; पण त्या दिवसाचा हिशेब मांडायला बसलो, तर मी आधी त्या दोन खेपा लिहीन.