हांडींतील मरण

शास्त्रभाग : २ राजे ४ : ३८-४१



श्रावणाच्या सरी पडूं लागल्या व धानाचे बांध भिजले, म्हणजे आमच्या लाखनीकडील रानांत वारुळांवर सात्या उगवतात. गेल्या वर्षाचें धान्य कणगीच्या तळाशीं गेलेलें असतें, नवें धान अद्याप हिरवें असतें. अशा वेळीं टोपलीभर सात्या म्हणजे गरिबाच्या घरीं प्रभूनें पाठविलेली मेजवानीच होय. याच दिवसांत आम्हांस अलीशाच्या काळची ती हांडी आठवते.

गिलगालांत दुष्काळ होता. एक जण रानांत भाजी आणावयास गेला, त्यास एक रानवेल आढळला. त्याचीं फळें ओटींत भरून आणून त्यानें तीं चिरून हांडींत टाकिलीं. तीं कसलीं हें कोणासच ठाऊक नव्हतें. त्या मनुष्याचें मन वाईट होतें काय? मुळींच नाहीं. उपाशी बंधूंकरितांच तो हिंडला. त्याच्या ठायीं प्रीति होती, ओळख नव्हती. आणि ओळखीवांचून प्रीतीच्या हातूनही मरण शिजतें.

मागें एका पावसाळ्यांत आम्ही एका घरीं प्रार्थनेस गेलों होतों. घरच्या तरुण मुलानें पांढऱ्या टेकोड्यांची टोपली मोठ्या हौसेनें आणिली होती. आजीनें विचारिलें, "बाबू, हे वारुळावरचे होत काय?" तो म्हणाला, "नाहीं आजी, गायरानांतले. पण दिसतात सारखेच." म्हातारीनें एक उलटा करून पाहिला. छत्रीखालच्या पापुद्र्यांवर हिरवट झांक होती. तिनें सारी टोपली उकिरड्यावर ओतिली. त्या रात्रीं आम्ही सर्वांनीं मीठभात खाल्ला. मुलाचा चेहरा उतरला होता. पण सकाळीं घरचीं सर्व माणसें सुखरूप उठलीं.

म्हातारीनें प्रथम ठिकाण विचारिलें, तें उगीच नव्हे. वाळवी जमिनीखालीं बुरशीची बाग लाविते. खऱ्या सात्या तेथूनच येतात, आणि त्यांचें लांब मूळ त्या बागेपर्यंत खोल गेलेलें असतें. म्हणून त्या वरून न मोडितां खणून पाहाव्या. देठाच्या बुडाशीं पिशवीसारखें वेष्टन असलें, देठावर कडें असलें, किंवा पापुद्रे हिरवट दिसले, तर हात आंखडावा. हीं चिन्हें नसलीं म्हणजे भय सरलें असेंही नव्हे. जाणत्या मनुष्यानें एकेक देठ पाहिलाच पाहिजे, आणि संशय आला तर टाकूनच द्यावें.

चांदीचें नाणें काळें पडलें नाहीं, लसूण पांढरा राहिला, किड्यांनीं खाल्लें, उकळून पाणी टाकिलें, या सर्व परीक्षा खोट्या आहेत. अतिविषारी छत्र्यांचें विष शिजविल्यानें जात नाहीं. तें बहुधा सहा तास लोटल्यावर, कधीं दुसऱ्या दिवशीं, वांती व जुलाब आणितें. मग थोडें बरें वाटतें, आणि तेवढ्यांत आंत यकृत नासत असतें. २०२२ च्या एप्रिलांत आसामांत विषारी छत्र्या खाऊन १३ माणसें मरण पावलीं. त्यांतील बहुतेक चहामळ्यांतील कुटुंबांचीं होतीं. तींही आपल्यासारखींच कष्टकरी माणसें होतीं.

गिलगालच्या पंक्तींत जेवणारे ओरडले म्हणून सर्व वांचले. वाढणाऱ्यास वाईट वाटेल म्हणून ते गप्प राहिले असते तर? अलीशानें हांडींत पीठ टाकिलें तें देवाचें विशेष कृत्य होतें. आपण घरगुती उतारा शोधीत बसूं नये. चुकून खाल्लें गेलें तर दुखण्याची वाट न पाहतां, उरलेली छत्री बरोबर घेऊन, तत्काळ सरकारी दवाखाना गांठावा.

उपदेशक बंधूंनो, दर रविवारीं तुम्ही व आम्हीही मंडळीच्या हांडींत कांहीं तरी टाकीत असतों. लोक भुकेले आहेत. जें वाढूं तें ते विश्वासानें खातील. वरून पांढरें दिसलें एवढ्यावरून कोणतीही शिकवण उचलूं नये; ती मुळापर्यंत खणून पाहावी. ठाऊक नसेल तेथें "मला ठाऊक नाहीं" असें म्हणावयास लाजूं नये. एका रात्रीचा मीठभात आपणांस पुष्कळ आहे.

प्रभु आपणांस प्रीति देवो, आणि प्रीतीबरोबर ओळखही देवो. आमेन.