परवाना आणि नीयत

आमच्या आंबेगाव-जुन्नर भागात 'निर्यात' म्हटले की पहिल्यांदा आठवतो तो कांदा. निरगुडसरच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल : डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ४ मे २०२४ रोजी उघडली, आणि उघडतानाही टनाला ५५० डॉलर किमान किंमत व ४० टक्के शुल्क लावले. या निर्णयावर पारावर चर्चा झाली, मोर्चे निघाले, मते फिरली. ते योग्यच होते. ज्याच्या घामाचा माल, त्याला तो कुठे जातो, का अडतो, हे विचारण्याचा हक्क आहे.

त्याच २०२३-२४ या आर्थिक वर्षात भारतातून २१,०८३ कोटी रुपयांची संरक्षण सामग्री परदेशी गेली. पुढच्या वर्षी हा आकडा २३,६२२ कोटींवर पोहोचला. हा माल काही दूरच्या मुलखात तयार होत नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. २०२१ मध्ये सरकारी दारूगोळा कारखान्यांची 'म्युनिशन्स इंडिया' ही कंपनी झाली, तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. खासगी क्षेत्रात भारत फोर्जच्या समूहाने नोव्हेंबर २०२२ मध्ये १५५ मिलिमीटर तोफांची साडेपंधरा कोटी डॉलरची परदेशी मागणी मिळाल्याचे जाहीर केले. खरेदीदाराचे नाव सांगितले नाही; 'संघर्ष नसलेल्या प्रदेशासाठी' एवढेच सांगितले. आमच्या गावांतली आयटीआय झालेली मुले चाकण आणि रांजणगावला कामाला जातात. सीएनसी यंत्रावर एखादा सुटा भाग कातणाऱ्या मुलाला तो भाग ट्रॅक्टरचा की आणखी कशाचा, हे ठाऊक असेलच असे नाही.

कांदा कुठे जातो हे विचारणारे आपण, तोफगोळा कुठे जातो हे का विचारत नाही? आणि सरकारने परवाना दिला म्हणजे बनवणाऱ्याची, विकणाऱ्याची जबाबदारी संपली का?

आधी हा परवाना म्हणजे काय ते पाहू. शस्त्रे किंवा शस्त्रनिर्मितीला उपयोगी पडेल असा माल बाहेर पाठवायचा तर १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली परवानगी लागते. अशा मालाची सरकारी यादी 'स्कोमेट' या नावाने ओळखली जाते. तिच्यात नुसत्या तोफा-बंदुका नाहीत. रसायने आहेत, रोगजंतू आहेत, विशिष्ट धातू आहेत, अतिशय अचूक काम करणारी यंत्रे आहेत. लष्करी सामग्रीचा परवाना संरक्षण मंत्रालयाचा उत्पादन विभाग देतो, अणुविषयक वस्तूंचा अणुऊर्जा विभाग, बाकीच्या मालाचा विदेश व्यापार महासंचालनालय. महासंचालनालयाकडे आलेले अर्ज निरनिराळ्या मंत्रालयांचे अधिकारी एकत्र बसून तपासतात. खरेदीदाराला लिहून द्यावे लागते की माल अमुक कामासाठीच वापरीन, परवानगीशिवाय दुसऱ्याला देणार नाही. याला अंतिम वापर प्रमाणपत्र म्हणतात. शिवाय २००५ च्या कायद्याने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. एखादी वस्तू अण्वस्त्र, रासायनिक वा जैविक अस्त्रासाठी जाणार हे ठाऊक असताना ती पाठवणे हा गुन्हा आहे. म्हणजे कायदा वस्तूबरोबर विकणाऱ्याच्या मनातही डोकावतो. आपल्या भाषेत बोलायचे तर तो नीयत विचारतो.

आता दुहेरी वापराची वस्तू कशी असते ते बघा. थायोडायग्लायकॉल नावाचे एक रसायन आहे. कापडाच्या रंगात आणि बॉलपेनच्या शाईत ते वापरतात. ज्या शाईने आमची पोरे वहीत अलिफ-बे लिहितात, तिच्यातलाच हा एक घटक. त्यावर एक प्रक्रिया केली की त्याचा मस्टर्ड वायू होतो. १६ मार्च १९८८ रोजी सद्दाम हुसेनच्या विमानांनी इराकमधल्याच हलबजा या कुर्द शहरावर विषारी वायूचे बॉम्ब टाकले. सुमारे पाच हजार माणसे मेली, त्यांत बायका-मुले पुष्कळ. सद्दामला हे रसायन पुरवणाऱ्यांत फ्रान्स व्हान आनराट नावाचा एक डच व्यापारी होता. त्याने एकही बॉम्ब बनवला नव्हता की टाकला नव्हता. तो फक्त पिंपे पोहोचवत होता. डिसेंबर २००५ मध्ये हेगच्या न्यायालयाने त्याला युद्धगुन्ह्यांतला साथीदार ठरवून पंधरा वर्षांची शिक्षा दिली. पुढे अपिलात ती वाढली. मात्र वंशसंहारातील साथीच्या आरोपातून तो सुटला. हे रसायन विषारी वायूसाठी जाते हे त्याला ठाऊक होते असे न्यायालयाला पटले, पण त्यामागे एक जमातच संपवण्याचा हेतू आहे हे त्याला ठाऊक होते असे सिद्ध झाले नाही. सगळा निवाडा 'माहीत होते का' या एका प्रश्नावर उभा होता.

हा प्रश्न आपल्या फिकहला नवा नाही. बाराव्या शतकात फरगान्यातल्या मर्गिनानींनी लिहिलेला 'हिदाया' हा हनफी कायद्याचा ग्रंथ आपल्याकडच्या मदरशांत आजही शिकवला जातो. त्यात ही चर्चा फार बारकाईने आली आहे. फितना माजवणाऱ्या लोकांना, ते तसे आहेत हे ठाऊक असताना, हत्यार विकणे गैर. ठाऊक नसेल तर विकणाऱ्यावर दोष नाही. जी वस्तू कारागिरी केल्याशिवाय हत्यार होत नाही, तिची गोष्ट वेगळी : वाद्य विकणे नापसंत असले तरी लाकूड विकणे नापसंत नाही, दारू आणि द्राक्षांचेही तसेच. पण समोर युद्ध करणारा शत्रू असेल तर हत्यारच काय, लोखंडही विकू नये, कारण लोखंड हे हत्याराचे मूळ आहे. आठशे वर्षांपूर्वीची ही दुहेरी वापराच्या वस्तूंची यादीच नव्हे काय? खुद्द कुरआनात 'हदीद' म्हणजे लोखंड या नावाची सूरत आहे, आणि तिच्यात लोखंडातली जबर ताकद आणि लोकांचे फायदे या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या आहेत.

त्याच चर्चेत धान्याचा विषय येतो. यमामाचे सरदार सुमामा यांनी इस्लाम स्वीकारल्यावर मक्केला जाणारे धान्य अडवले. मक्का तेव्हा प्रेषितांच्या (स.) शत्रूंच्या ताब्यात होती. तरीही प्रेषितांनी धान्य जाऊ द्यावे असे कळवले. शत्रूची भाकरी अडवायची नाही, हत्यार मात्र द्यायचे नाही. आज जगात नेमके उलटे चालते. शहरांना वेढा घालून पीठ आणि औषधे अडवली जातात आणि गोळे मात्र वेळेवर पोहोचतात.

विकणाऱ्याच्या बाजूनेही बोलायला हवे. पहिला युक्तिवाद असा की आपण नाही विकले तर दुसरा विकेल. हा युक्तिवाद तर हातभट्टीवालाही करतो. त्याने कुणाचे पाप हलके झाल्याचे ऐकिवात नाही. दुसरा युक्तिवाद वजनदार आहे. दुबळ्या देशालाही स्वतःचे रक्षण करायचे असते, त्याला हत्यार कोणीतरी विकलेच पाहिजे. खरे आहे. म्हणूनच सरसकट बंदी हे उत्तर नाही. कोणाला, कशासाठी, हे दर वेळी विचारणे हेच उत्तर आहे. तिसरा युक्तिवाद कामगाराचा : मला काय माहीत? तोही खरा आहे. ज्याला कळायचा मार्गच नाही त्याच्यावर बोजा टाकता येत नाही. पण न कळणे आणि न कळण्याची सोय करून घेणे यांत फरक आहे. कागद पुढे करून डोळे मिटणारा माणूस अजाण नसतो.

गाझातल्या युद्धात हा प्रश्न आपल्या दारात आला. इस्राएलला हत्यारे व सुटे भाग पाठवण्याचे परवाने थांबवावेत म्हणून माजी अधिकारी, अभ्यासक व कार्यकर्त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. म्युनिशन्स इंडियाचेही नाव तिच्यात होते. ९ सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. परराष्ट्र धोरण हे सरकारचे क्षेत्र आहे, असे सांगितले. नेदरलँड्समध्ये त्याच वर्षी फेब्रुवारीत अपील न्यायालयाने एफ-३५ विमानांचे भाग इस्राएलला पाठवणे थांबवण्याचा हुकूम दिला होता. २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही निर्णय सरकारवरच सोपवला, पण परवान्याचा पुन्हा विचार करा असे बजावून. न्यायालयाच्या मर्यादा समजू शकतात. पण न्यायालय म्हणते सरकारला विचारा, आणि सरकार परवान्यांचा तपशील देत नाही, तर नागरिकाने विचारायचे कोठे? २०१३ चा आंतरराष्ट्रीय शस्त्रव्यापार करार आला तेव्हाही भारत मतदानात तटस्थ राहिला. करार निर्यातदार देशांकडे झुकलेला आहे, ही भारताची तक्रार होती. आज भारत स्वतः निर्यातदार होतो आहे, तेव्हा त्या भूमिकेचा फेरविचार व्हायला हवा.

इथे आपल्या लोकांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. गाझासाठी आपले डोळे भरून येतात, ते यावेतच. पण हलबजावर विष टाकणारा राज्यकर्ता मुसलमान होता. २०१५ पासून यमनवर बॉम्ब टाकणारी विमाने मुस्लिम देशांची होती. तेव्हा आपल्या मोहल्ल्यांत किती सभा झाल्या? तराजू एकच हवा. मरणाऱ्याचा आणि मारणाऱ्याचा धर्म पाहून वजन बदलत असेल, तर आपण इन्साफ मागत नसून आपली बाजू मागतो आहोत.

आणखी एक गोष्ट या परवान्यापासून शिकण्यासारखी आहे. संशयाचे दिवस आपल्या समाजाने पुष्कळ पाहिले आहेत. नुसत्या नावावरून घर न मिळणे, प्रवासात नजरा बदलणे, हे सांगायला नको. परवान्याची पद्धत, निदान कागदावर, संशय कसा घ्यावा याचा चांगला नमुना आहे. ती वस्तू काय, घेणारा कोण, त्याने पूर्वी काय केले, आता तो काय लिहून देतो, हे विचारते. मग नकार देते किंवा विश्वास टाकते. रसायनाच्या पिंपाला जेवढी चौकशी मिळते, तेवढी माणसालाही मिळाली पाहिजे.

मागणी फार मोठी नाही. कोणत्या देशाला कोणत्या प्रकारची हत्यारे गेली आणि कोणत्या हमीवर, हे दरवर्षी संसदेपुढे यावे. खरेदीदाराने हमी मोडली तर पुढचा परवाना थांबावा. चाकणच्या लहान कारखानदाराने मोठी ऑर्डर घेताना 'हा भाग शेवटी कुठे बसतो' एवढे विचारावे, आणि विचारल्याबद्दल त्याचे काम जाऊ नये. परवाना ही सरकारने दिलेली इजाजत आहे. नीयतीचा जबाब ज्याचा त्यालाच द्यायचा आहे, आणि तिथे दुसऱ्याने सही केलेला कागद चालत नाही.