शिंगं शेवटी

पुतण्या अमेरिकेत असतो, तिथलं नागरिकत्व घेतलेला. दिवाळीत फोनवर म्हणाला, "तात्या, येत्या सप्टेंबरात दोस्तांबरोबर अलास्काला मूसच्या शिकारीला जाणार." मूस म्हणजे घोड्याहून थोराड हरीण. तपकिरी अस्वलाला तिथं वाटाड्या सक्तीचा. मूसला अमेरिकी नागरिकाला लागत नाही, सगळं आपलं आपण आखायचं. छोटं विमान रानात सोडून जातं, पण उतरल्या दिवशी बंदूक चालवायची नाही.

मला आधी रागच आला. खायला कमी नाही, मग जीव कशाला घ्यायचा? पण त्यानं हिशेब सांगितला. एका मूसचं दोनशे किलोच्या वर मांस निघतं. ते पाठीवर वाहून आणायचं, रानात टाकलं तर गुन्हा. मांसाच्या आधी शिंगं हलवायची नाहीत. म्हणून तळापासून दीड किलोमीटरच्या पुढं गोळीच झाडायची नाही, असं त्यांनी ठरवलंय.

मी गप्प झालो. भुईमुगाला रानडुकरं लागली त्या साली मी कुंपणाच्या तारेत रात्री करंट सोडला होता. माणूसही चिकटला असता, तेव्हा सुचलं नाही. पहाटे बघतो तर गाभण डुकरीण पडलेली. उजाडायच्या आत बांधाला पुरली, घरातसुद्धा बोललो नाही. मी पोटासाठी मारली, असं म्हणता येईल. पीक गेलं असतं तर हाल होतेच. पण तिच्याकडं नीट बघितलंही नव्हतं.

"तात्या, बोला की."

"किती फेऱ्या होतील रे?"

"आठेक. शिंगं शेवटच्या फेरीत."