न सापडणारा बिघाड आणि अभावाचे प्रमाण

गाडी पुन्हा पुन्हा बंद पडते आणि गॅरेज दरवेळी ‘चेक केली, काही नाही’ म्हणून परत देते. या नेहमीच्या तक्रारीच्या मुळाशी ज्ञानमीमांसेतला एक जुना प्रश्न आहे: एखादी गोष्ट नाही, हे कशावरून ठरवायचे? कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न दिसणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन, म्हणजे प्रमाण, मानले. नैयायिकांनी ते नाकारले. जमिनीवर घट नाही हे ज्ञानही प्रत्यक्षानेच होते, अशी त्यांची भूमिका. मात्र एक अट दोन्ही पक्षांना मान्य होती. घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही, एवढ्यावरून तो नाही असे म्हणता येत नाही.

ही अट गॅरेजात सहज मोडते. क्रँकशाफ्ट सेन्सरचे उदाहरण पाहावे. इंजिनाचा दांडा फिरताना नेमका कुठे आहे, हे हा सेन्सर कंट्रोल युनिटला कळवतो. त्याच्या आतली बारीक तार झिजली असेल, तर इंजिन तापल्यावर जोड सुटतो, सिग्नल तुटतो, ठिणगी आणि इंधन दोन्ही थांबतात आणि गाडी घाटात मध्येच बंद पडते. अर्ध्या तासाने इंजिन निवते, जोड पुन्हा लागतो, गाडी पहिल्या चावीत सुरू होते. टो करून गॅरेजात येईपर्यंत ती थंडगार झालेली असते. स्कॅनर लावला तरी पक्का कोड मिळेलच असे नाही, कारण अनेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय पक्के नोंदले जात नाहीत आणि इशाऱ्याचा दिवाही लागत नाही. मेकॅनिक खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच काही दिसलेले नसते, पण थंड इंजिनावरची ती तपासणी अंधारात घट शोधण्यासारखीच असते.

मग पार्ट बदलणे सुरू होते. आधी बॅटरी, मग फ्युएल पंप, मग कॉइल. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’च्या परंपरेत कारण म्हणजे कार्यापूर्वी नियमाने असणारे आणि अन्यथासिद्ध, म्हणजे कार्यासाठी अनावश्यक, नसलेले. घट घडण्याआधी माती वाहणारे कुंभाराचे गाढवही तिथे असते, पण ते घटाचे कारण नव्हे. पंप बदलल्यावर गाडी चार दिवस नीट चालली, तर तो पंप त्या गाढवाच्या जागी असू शकतो; कदाचित त्या दिवसांत गाडी तापलीच नसेल. पार्ट असताना कार्य होते हा अन्वय झाला. तो नसताना कार्य होत नाही, हा व्यतिरेकही हवा. तो पाहायचा तर इंजिन मुद्दाम तापवून सेन्सर तपासावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. बिल मात्र बहुधा पार्टचे होते, तपासणीच्या वेळेचे नाही. गाढवाला कारण ठरवण्याचा मोह तिथूनच येतो.

राहिला गिऱ्हाइकाच्या शब्दाचा प्रश्न. वात्स्यायनाच्या ‘न्यायभाष्या’त आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू केले आहे: ज्याला विषय प्रत्यक्ष माहीत आहे आणि जो तो जसाच्या तसा सांगू इच्छितो, तो आप्त. या कसोटीवर यंत्रातले काहीच न कळणारा चालकही ‘गाडी कधी, कुठे, कशी बंद पडली’ याबाबत आप्त ठरतो. ‘सेन्सरच गेलाय’ हे त्याचे निदान असते, साक्ष नव्हे. त्याची साक्ष घ्यावी, निदान बाजूला ठेवावे. बहुतेक गॅरेजे दोन्ही एकदमच झटकून टाकतात, हा त्यांचा खरा दोष.

 

म्हणून जॉबकार्डावर ‘बिघाड आढळला नाही’ असा शेरा मारताना इंजिन किती तापले होते, गाडी किती किलोमीटर चालवली आणि चढावर नेली की नाही, हेही लिहावे. त्याशिवाय तो शेरा प्रमाण मानू नये.